‘सर्व धोके’ म्हणजे किती धोके?

(द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीपूर्वी, गावच्या शाळेत जमलेल्या बागाइतदार मंडळींपुढे एका शिक्षकाने केलेले भाषण)



आज या शाळेच्या पडवीत आपण जमला आहात ते आमचे वक्तृत्व ऐकण्यासाठी नव्हे, हे आम्ही ओळखून आहोत. आम्ही मराठी शाळेचे मास्तर. अध्यापक विद्यालयात जी दोन वर्षे काढली, तेथे समुद्र म्हणजे नकाशावरचा निळा रंग, एवढाच आमचा त्याच्याशी परिचय झाला. मग जहाजावरच्या मालाच्या विम्याविषयी बोलण्याचा अधिकार यांस कोणी दिला, असे कोणी विचारील, तर उत्तर सरळ आहे. या विषयात आमच्या हातून एक चूक घडली. तिची किंमत आम्हास पडली नाही. ती आपल्यापैकी तेरा घरांनी भरली. ज्याच्या हातून घडले त्याने निदान चारचौघांत उभे राहून सांगावे, म्हणून आम्ही उभे आहोत.

२०२४ च्या हंगामातली गोष्ट. तेरा बागाइतदारांनी मिळून एक थंड कंटेनर भरला. न्हावा-शेव्याहून तो हॉलंडात रॉटरडॅम बंदरी जायचा होता. माल निघण्याच्या दोन दिवस आधी विम्याची पॉलिसी आली. इंग्रजी कागद आला की तो गुरुजींकडे न्यावा, ही आपल्या गावची जुनी रीत. त्याप्रमाणे तो आमच्या ओट्यावर आला. पहिल्या पानावर ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए’ असे होते आणि शेजारी ‘ऑल रिस्क्स’ हे दोन शब्द ठळक छापलेले होते. आम्ही म्हणालो, “सर्व धोके घेतले आहेत, बिनघोर राहा.” त्या पानामागे बारीक अक्षराची आणखी पाने होती. ती आम्ही उलटली नाहीत. शाळेची माहिती भरून पाठवायची होती, संध्याकाळ झाली होती. सबबी पुष्कळ सांगता येतील. पण खरे ते हेच की आम्ही ती वाचली नाहीत.

पुढे काय झाले ते आपणास ठाऊक आहे. २०२३ च्या नोव्हेंबरापासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूती लोकांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले होते. मोठमोठ्या जहाज कंपन्यांनी सुवेझचा रस्ता सोडला व जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेण्यास आरंभ केला. तीनसाडेतीन आठवड्यांची वाट पाच आठवड्यांवर गेली. आपला कंटेनर त्यांतलाच. पेट्या उघडल्या तेव्हा देठ तपकिरी पडलेले, मणी मऊ झालेले, तळाच्या पेट्यांना बुरशी. खरेदीदाराने काही माल नाकारला, उरलेला मातीमोल गेला. विमेवाल्याकडे मागणी केली. सर्वेअर आला, फोटो झाले, आणि दोन महिन्यांनी पत्र आले. त्यात मुद्द्याचे वाक्य एकच होते : हे नुकसान उशिरामुळे झालेले आहे व उशीर हा पॉलिसीतून वगळलेला आहे.

तेही पत्र वाचायला आमच्याच ओट्यावर आले. वाचून झाल्यावर कोणी काही बोलेना. त्या तेरांपैकी एकाच्या वृद्ध मातोश्री तेथे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुम्हीच म्हणले होते ना, समदे धोके हायेत त्याच्यात. मंग उशीर झाला तो धोका नाही का?”

आम्हास त्या दिवशी उत्तर देता आले नाही. पुढे दीड वर्ष जमेल तसे या विषयातले वाचले, विमेवाल्यांना विचारले, जाणत्यांकडे बसलो. ते उत्तर आज देत आहोत. थोडे लांब आहे. तेवढा धीर धरावा.

विम्याचा हा धंदा आपल्याकडचा नव्हे, आणि त्याची भाषाही आपली नव्हे. लंडन शहरात सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाचे कॉफीचे दुकान होते. जहाजांचे मालक व व्यापारी तेथे बसत. एखादे जहाज सफरीवर निघाले की एका कागदावर त्याचा तपशील लिहीत, आणि ज्यांना त्याचा धोका काही हिश्शाने पत्करायचा असेल ते खाली आपले नाव व रक्कम मांडीत. इंग्रजीत विमेवाल्यास ‘अंडररायटर’, म्हणजे खाली लिहिणारा, असे म्हणतात ते यावरून. त्या मंडळींनी १७७९ साली पॉलिसीचा एक नमुना ठरवला आणि तो जवळजवळ दोनशे वर्षे जगभर चालला. १९०६ च्या ब्रिटिश कायद्याला तो जसाच्या तसा जोडलेला आहे, आणि आपला १९६३ चा सागरी विमा कायदा त्याच ब्रिटिश कायद्यावर बेतलेला आहे.

त्या जुन्या पद्धतीत विम्याचे प्रकार तीन होते. एकात मालाचे अंशतः नुकसान झाले तर सामान्यतः काही मिळत नसे. जहाज रुतले, बुडाले किंवा जळाले तरच मिळे. दुसऱ्यात समुद्राच्या पाण्याने झालेले अंशतः नुकसानही मिळे. तिसरा सर्व धोक्यांचा. यांच्या नावांत ‘ॲव्हरेज’ असा शब्द येई. आम्ही पाचवीच्या वर्गाला ॲव्हरेज म्हणजे सरासरी असे शिकवतो. प्रथम वाचले तेव्हा ही कसली सरासरी काढतात, याचा आम्ही एक आठवडा विचार करीत होतो. समुद्राच्या भाषेत ॲव्हरेज म्हणजे नुकसान. एवढे कळायला आठवडा गेला, यावरून कागद कोणासाठी लिहिलेला असतो ते दिसून येते.

१९८२ च्या जानेवारीपासून लंडनच्या विमेवाल्यांच्या संस्थेने हा नमुना टाकून नवी कलमे केली व त्यांस ए, बी, सी अशी नावे दिली. २००९ साली ती सुधारली. आज आपल्या देशातही जहाजाने जाणाऱ्या मालाचा विमा बहुधा याच कलमांवर उतरतो. ‘इन्स्टिट्यूट’ म्हणतात ती हीच संस्था.

तिन्हींत सर्वांत स्वस्त व सर्वांत अरुंद तो ‘सी’. त्यात मोजके मोठे अपघात लिहिलेले असतात : आग किंवा स्फोट; जहाज रुतणे, तळाला लागणे, बुडणे, उलटणे; जहाजाची दुसऱ्या कशाशी टक्कर; जमिनीवर मालमोटार उलटणे किंवा गाडी रुळावरून घसरणे; संकटात सापडलेल्या जहाजाने वाटेतल्या बंदरात माल उतरवणे; आणि जहाज वाचवण्यासाठी माल मुद्दाम समुद्रात फेकणे. एवढे घडले तर पैसे, एरवी नाही.

‘बी’मध्ये याशिवाय भूकंप, ज्वालामुखी, वीज, डेकवरचा माल लाटेने वाहून जाणे, समुद्राचे, नदीचे किंवा तळ्याचे पाणी जहाजात, कंटेनरात वा गोदामात शिरणे, आणि चढवताना-उतरवताना एखादा नग पडून समूळ नष्ट होणे. येथे कांद्याच्या व बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनी कान द्यावा. पाणी शिरणे म्हटले आहे ते समुद्राचे, नदीचे व तळ्याचे. पावसाचे पाणी त्यात लिहिलेले नाही. बंदराच्या धक्क्यावर वळवाचा पाऊस गोण्यांवर पडला तर ‘बी’ उपयोगी पडत नाही. चोरीही ‘बी’त नाही व ‘सी’तही नाही, ती वेगळा हप्ता देऊन जोडून घ्यावी लागते.

‘ए’ची रचना उलटी आहे. ‘बी’ व ‘सी’मध्ये जे लिहिले तेवढेच मिळते; ‘ए’मध्ये जे वगळले तेवढे सोडून सर्व मिळते. चोरी, पाऊस, आदळआपट, चाचेगिरीसुद्धा. दावा करतानाही फरक पडतो. ‘बी’ आणि ‘सी’ असेल तर अमुक अपघातानेच नुकसान झाले हे आपण सिद्ध करायचे; ‘ए’ असेल तर प्रवासात अकस्मात नुकसान झाले एवढे आपण दाखवायचे व ते वगळलेल्या कारणाने झाले हे विमेवाल्याने सिद्ध करायचे. म्हणून ‘ए’ चांगला, यात शंका नाही. आम्ही सांगितले ते खोटे नव्हते, अर्धे होते. ‘ए’मधली खरी मेख वगळलेल्या यादीत आहे, आणि ती यादी आम्ही न उलटलेल्या पानांवर होती.

ती यादी अशी. विमा घेणाराने जाणूनबुजून केलेले नुकसान. माल नेहमीप्रमाणे गळणे, वजनात घटणे. बांधणी अपुरी असणे. मालाचा अंगभूत दोष किंवा स्वभाव. जहाज कंपनीचे दिवाळे, जर माल चढवताना त्याची आपणास खबर असेल तर. अणुशस्त्रे. युद्ध. संप व दंगे. आणि उशीर. या उशिराच्या कलमाला जे शेपूट आहे ते ध्यानात धरण्यासारखे आहे : उशीर हा विमा उतरलेल्या धोक्यामुळेच झालेला असला, तरीही. आपल्या १९६३ च्या कायद्यातही, पॉलिसीत निराळे लिहिले नसेल तर, हाच नियम आहे. म्हणजे विमेवाल्याने आयत्या वेळी काढलेली ही पळवाट नव्हे.

शेपटाचा अर्थ सांगतो. २०१० च्या ऑगस्टात मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलीजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले व तरंगत वाटेत आले. मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरांची वाहतूक काही दिवस बंद पडली. आता समजा, एकाचा कंटेनर चित्रावर होता व तो बुडाला. टक्कर ‘सी’मध्येसुद्धा आहे; त्यास पैसे मिळतील. दुसऱ्याचा कंटेनर मागच्या जहाजावर आहे, त्यात भाजीपाला आहे, आणि वाट मोकळी होईपर्यंत तो सडला. त्याच्यापाशी ‘ए’ असला तरी त्यास काही मिळणार नाही. टक्कर एकच, समुद्र एकच. पण पहिल्याचे नुकसान टक्करीने झाले व दुसऱ्याचे उशिराने.

आता त्या मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर. आई, उशीर हा आपल्यास धोका आहे, विम्यास नाही. विमेवाला हप्ता घेतो तो जे घडेल की नाही हे कोणास ठाऊक नाही त्याबद्दल. द्राक्ष तोडले की ते मरणाच्या वाटेवर लागते. शून्य अंशाच्या थंडीत ठेवून आणि गंधकाचा कागद घालून आपण ती वाट लांबवतो, बंद करीत नाही. दिवस वाढले तर ते नासणार, हा अपघात नव्हे, त्याचा स्वभाव आहे. शिवाय एक कंटेनर बुडतो तेव्हा हजारांतल्या एकाचे नुकसान होते व बाकीच्यांच्या हप्त्यातून ते भरता येते. समुद्राची वाटच बंद झाली तर हजाराच्या हजारांना उशीर होतो; मग कोणी कोणाचे भरायचे? हे म्हणणे अगदीच गैर आहे असे आम्हास वाटत नाही. गैर आहे ते हे की नाशवंत मालाच्या धन्यास ‘सर्व धोके’ हे शब्द ठळक दाखवायचे, आणि त्याच्या मालाला ज्या एका धोक्याची खरी भीती तो मागल्या पानावर बारीक अक्षरात ठेवायचा, तोही माल निघण्याच्या दोन दिवस आधी.

न कळणाऱ्या भाषेतले मंत्र ऐकून मुकाट्याने दक्षिणा ठेवायची सवय आपल्या आजेपणज्यांनी मोठ्या कष्टाने मोडली. ती सवय इंग्रजी पॉलिसीच्या पायाशी परत आणून बसवली ती आमच्यासारख्या अर्धवट वाचणाऱ्या मास्तरांनी, हेही आम्ही कबूल करतो.

मंडळात एकाने विचारले होते की युद्धाचा विमा तर वेगळा घेतला होता, मग हूतींमुळे झालेले नुकसान त्यात का बसू नये? युद्धाची व संपाची कलमे निराळी असतात व थोडा जादा हप्ता देऊन ती जोडता येतात, हे खरे. परंतु युद्धाचे कलम मुख्यतः माल समुद्रगामी जहाजावर असेपर्यंतचे आहे, आणि त्यात क्षेपणास्त्राने, सुरुंगाने, पकडापकडीने मालाचे प्रत्यक्ष नुकसान व्हावे लागते. युद्धाच्या भीतीने जहाज लांबून गेले व माल नासला तर तो पुन्हा उशीरच; तो त्याही कलमात वगळलेला आहे. खुल्या पॉलिसीवर युद्धाचा विमा बहुधा सात दिवसांच्या सूचनेने काढूनही घेता येतो.

समुद्रात माल फेकण्याचे कलम आम्ही मघा सांगितले. त्यावरून एक जुनी हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७८१ साली ‘झाँग’ नावाचे इंग्रजांचे जहाज आफ्रिकेतून गुलाम भरून जमेकाकडे चालले होते. माणसे माल म्हणून लिहिली होती व त्यांचा विमा डोईला तीस पौंड असा उतरला होता. गुलाम रोगाने मेला तर तो मालाचा स्वभाव, सबब विमेवाला देणे लागत नव्हता. जहाज वाचवण्यासाठी फेकला तर मात्र देणे होते. जहाजावर रोगराई पसरली, तेव्हा खलाशांनी १३० हून अधिक जिवंत माणसे समुद्रात लोटली, आणि मालकाने पिण्याचे पाणी संपत आले होते असे सांगून लंडनात विम्याचा दावा केला. पहिल्या सुनावणीत पंचांनी तो मान्यही केला! १७८३ साली वरिष्ठ न्यायाधीशांनी फेरसुनावणीचा हुकूम दिला. हा खटला खुनाचा नव्हता, पॉलिसीतल्या कलमाचा होता. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केले, ते वाचलेल्यांना या कागदी भाषेच्या पोटात काय काय मावते हे वेगळे सांगायला नको. कलमाच्या एका शब्दावर काय तुटते व काय तरते, हे आम्हास त्या हकीकतीने समजले.

त्याच कलमाची दुसरी बाजू मात्र उपयोगाची आहे, व ती फार थोड्यांना ठाऊक असते. तिला ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात. आपण सामाईक नुकसान म्हणू. गावात आग लागली आणि ती पसरू नये म्हणून मधले एक छप्पर ओढून काढले, तर ज्याचे छप्पर गेले त्याला सर्वांनी वर्गणी काढून भरून द्यायचे, तसला हा न्याय आहे. जहाज व त्यावरचा सारा माल वाचावा म्हणून मुद्दाम जो खर्च किंवा नाश केला, तो जहाजाचा मालक व प्रत्येक मालधनी यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात सोसायचा. रोमन लोकांच्या कायद्यातही हा नियम ऱ्होड्स बेटाच्या नावाने सांगितलेला आहे, इतका तो जुना.

२०२१ च्या २३ मार्चला ‘एव्हर गिव्हन’ हे प्रचंड जहाज सुवेझच्या कालव्यात आडवे रुतले, २९ ला निघाले. त्याचे सर्व खलाशी भारतीय होते, हे पुष्कळांस माहीत असेल. माहीत नसते ते पुढले. मालकाने सामाईक नुकसान जाहीर केले. जहाजावर अठरा हजारांच्या घरात कंटेनर होते. ज्यांच्या मालाला ओरखडाही नव्हता त्यांनाही वर्गणीची हमी द्यावी लागली. जहाज ७ जुलैपर्यंत इजिप्तात अडकून राहिले. आणि २०१८ च्या मार्चात अरबी समुद्रात ‘मेर्स्क होनाम’ या जहाजाला आग लागली, पाच खलाशी प्राणांस मुकले. त्यानंतर वाचलेला माल सोडवायला किमतीच्या ५४ टक्के हमी मागितली गेली. ज्याचा शंभर रुपयांचा माल धडधाकट आहे त्याने आधी ५४ रुपयांची तजवीज करायची, मग हात लावायचा! विमा असला की ही हमी विमेवाला देतो. आणि ही गोष्ट ‘ए’, ‘बी’, ‘सी’ तिन्हींत आहे. म्हणून, उशिराला पैसे मिळत नाहीत तर विमाच नको, असे जे दोघेतिघे रागाने म्हणत आहेत त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की तसे करू नये.

आता विमा कोणी काढायचा ते. निर्यातदार आपल्याशी ‘एफओबी’ म्हणून बोलतो तेव्हा माल जहाजावर चढला की धोका खरेदीदाराचा होतो व पुढचा विमा त्याने पाहायचा. पण पॅकहाऊसपासून जहाजाच्या डेकपर्यंतची वाट, म्हणजे कसाऱ्याचा घाट, बंदराबाहेरची रांग, धक्क्यावरचा मुक्काम, ही आपलीच राहते. तिचा विमा आपण घेतला नाही तर कोणीच घेतलेला नसतो. ‘सीआयएफ’ असेल तर विमा विकणाऱ्याने काढायचा. परंतु २०२० च्या आंतरराष्ट्रीय व्यापारनियमांप्रमाणे करारात निराळे लिहिले नसेल तर त्याने ‘सी’ काढला तरी त्याचे कर्तव्य पुरे होते. ज्याला ‘विमा आहे’ एवढेच ऐकून समाधान होते, त्याच्या हाती हा ‘सी’ पडतो. रक्कम मालाची किंमत, विमा व भाडे मिळून होईल त्यावर दहा टक्के अधिक धरण्याची वहिवाट आहे. तेवढी धरली आहे की नाही तेही पाहावे.

थंड कंटेनरासाठी आणखी एक गाठ आहे. यंत्र बिघडून माल खराब झाला तर मिळेल असे कलम जोडतात, पण त्यात बहुधा यंत्र सलग २४ तास बंद पडले पाहिजे अशी अट असते. वीस तास बंद राहून पुन्हा सुरू झाले, तर माल गेला व दावाही गेला. कोणी चुकीचे तापमान लावले, तर यंत्र बिघडले असे होत नाही. म्हणून पेट्यांमध्ये तापमान टिपणारे यंत्र आपले स्वतःचे ठेवावे व माल पूर्ण गार करूनच भरावा. गरम माल भरला, तर ते बांधणीच्या किंवा स्वभावाच्या खात्यात जाते. आणि २०१० साली सीसीसीच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षे अडकली, ते दुःख कोणी विसरले नसेल. तसे पुन्हा घडले तर हा विमा कामाचा नाही. परदेशच्या सरकारने माल नाकारणे हे ‘ए’मध्ये धोका म्हणून धरत नाहीत. त्याचा विमा वेगळा असतो व महाग असतो.

उशिराचाही मिळतो काय? काही विमेवाले जादा हप्ता घेऊन अमुक कारणाने झालेला उशीर तेवढा धरू, असे लिहून देतात. पण ते मागावे लागते, आणि लिहून घ्यावे लागते. तोंडी सांगितलेले पॉलिसीत नसते. तो हप्ता आपल्या मालाला परवडेल की नाही हे आकडा आल्यावर मंडळाने ठरवायचे. त्यात मास्तरांचे मत घेऊ नये.

यंदाच्या पॉलिसीचा मसुदा आम्ही मंडळामार्फत आधीच मागवून घेतला. कंटेनर जानेवारीपूर्वी भरायचा नाही, तेव्हा अवकाश आहे. तो आम्ही पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मराठीत उतरवला आहे. वहीची बावीस पाने झाली. ज्या तीन ठिकाणी आम्हास अर्थ नीट लागला नाही तेथे तांबड्या शाईने खूण केली आहे, अंदाजाने काही भरलेले नाही. एजंट गृहस्थ येत्या गुरुवारी दहा वाजता याच पडवीत येणार आहेत. त्या तीन ठिकाणांबद्दल, यंत्राच्या २४ तासांच्या अटीबद्दल आणि उशिराच्या जोडकलमाच्या हप्त्याबद्दल त्यांनी उत्तर लेखी द्यावे असे त्यांना कळवले आहे. वही येथे टेबलावर आहे. तेरा घरांतल्या मंडळींनी आधी पुढे यावे. मागच्या वेळचे पत्रही सोबत ठेवले आहे, दोन्ही शेजारी ठेवून वाचू. आई, आपण येथे खुर्चीवर बसा. पहिल्या कलमापासून सुरुवात करतो.